रंगरावच्या जीपमधली टिकटिक

दसरा झाला आणि दोन-तीन दिवसांतच रंगरावच्या जीपमध्ये तो आवाज सुरू झाला. आमच्या धाड गावच्या स्टँडवरून बुलडाण्याला सकाळची पहिली जीप निघते, ती रंगरावची. मागं भाजीची गाठोडी, गाठोड्यांवर बाया, बायांच्या मांडीवर पोरं. गाव मागं पडायच्या आत गोजरबाईनं मेथीच्या जुड्यांमागून मान वर काढली आणि ओरडली, "रंगरावभाऊ, गाडीत घड्याळ ठेवलं का काय कोनी? टिकटिक करून राह्यलं!"

रंगराव समोर बघत होते. बोलले नाहीत.

मी पुढच्या सीटवर होते. आवाज मलाही येत होता. त्यांच्या दंडाला हात लावून मी म्हटलं, "भाऊ, गोजरबाई काय म्हणते, ऐकलं का?"

"म्हनू दे," रंगराव म्हणाले. "भाजीवालीले बोलाले काय लागते."

आवाज कसा, तर दूर कुठं शिलाई मशीन चालावी तसा. ॲक्सिलरेटर दाबला की भराभर, सोडला की सावकाश. धाड सोडल्यावर पहिले चढ लागतात तिथं तर कोणी पत्र्यावर नखानं ठोकत असावं, असा. पण अर्धाअधिक रस्ता सरला, इंजिन चांगलं तापलं की तो मंदावत जायचा, आणि बुलडाण्यातल्या सर्क्युलर रोडला लागेपर्यंत गायब. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर.

मी या रस्त्यानं सारखी जाते. कोणाचं रेशन बंद झालं, कोणाची निराधारची पेन्शन अडली, कोणाच्या पोरीचा दाखला साहेबाच्या टेबलावर झोपला, की लोक माझ्याकडं येतात. मी बुलडाण्याला जाते आणि भांडते. शाळा नववीत सुटली. कायदा मी तहसीलच्या व्हरांड्यात उभं राहून शिकले. इंजिनाचंही तसंच. ज्या गाडीच्या भरवशावर रोज जीव ठेवायचा, तिच्या आवाजाकडं कान नको?

रंगराव साठीला टेकलेले. अंगानं काटक, मिशा पांढऱ्या, शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी. वडिलांची थोडी कोरडवाहू जमीन मोठ्या भावाकडं राहिली आणि हे मिसरूड फुटायच्या आधीच मळणीयंत्रावर लागले. हंगामभर गावोगाव ज्वारी, हरभरा, सोयाबीन काढत फिरायचं, यंत्राच्या तोंडाशी उभं राहून. मग ट्रॅक्टर, तोही बिनसायलेन्सरचा. मग ही जीप, आधी दोन मालक बघून आलेली. सकाळची पहिली गाडी स्टँडवर त्यांच्याआधी कोणी काढत नव्हतं. त्या वेळी सवारी नसते, भाजीवाल्या असतात. भाजीवाल्या जागा खातात आणि वर घासाघीस करतात. रंगरावनी काढली. त्यांचा नियम एकच: गाडीत गाठोडं चालेल, भांडण चालणार नाही. जागेवरून भांडणाऱ्या बाईला ते पुढच्या फाट्यावर उतरवायचे. मला उतरवायचा विचार एकदा त्यांनी बोलून दाखवला. मी म्हटलं, "उतरते. उतरता उतरता गाडीत माणसं किती अन् परमिट कितीचं, तेवढं मोजते." तिथून आमची दोस्ती.

आणि स्टँडवर हा माणूस म्हणजे इंजिनचा डॉक्टर. कोणाची गाडी कुरकुरली की ड्रायव्हर यायचे, "रंगरावभाऊ, जरा आयका बरं." रंगराव लांब स्क्रूड्रायव्हर, आमच्याकडं पेचकस, इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. बाकी सगळे चूप. मग निकाल. "वॉटर पंप." "बेअरिंग गेलं." बहुतेकदा बरोबर निघायचं. चुकलं तर मेकॅनिक गाढव.

म्हणून तर कोणाला समजेना. दुसऱ्याच्या इंजिनातला ढिला नट ओळखणारा माणूस स्वतःच्या गाडीतली एवढी टिकटिक मनावर का घेत नाही?

आमच्या स्टँडवर जीपचा नंबर असतो. एक भरली, निघाली, की पुढचीचा नंबर. नंबर लावतो मोतीराम. त्याच्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत आणि आवाज चार माणसांचा. टिकटिक सुरू झाली तशी सवारी कचरायला लागली. "हे गाडी जाऊ द्या, मागच्यात बसतो," असं म्हणत लोक पानटपरीच्या आडोशाला उभे राहायचे. रंगरावची जीप भरायची नाही, आणि ती भरल्याशिवाय मागच्यांना निघता यायचं नाही. सगळी रांग खोळंबायची. दिवाळीचे बाजार तोंडावर आले होते. वर्षातली खरी कमाई तीच.

एका सकाळी मोतीराम सगळ्यांसमोर बोलला, "भाऊ, राग नका मानू. दिवाळीच्या बाजाराआधी आवाज काढून आना, नाही तं नंबर सोडा. तुमच्या एका गाडीपायी साऱ्याइनं काऊन बसून राहाचं?"

"नंबर सोडू?" रंगरावचा चेहरा तांबडा झाला. "हा स्टँड उभा केला तव्हा तू चड्डीत होता बे!"

"तव्हा होतो. आता पँटात आहो. आवाज काढून आना."

झालं. नंबर गेला तर रंगरावकडं काही उरत नव्हतं. शेती नाही, दुसरा धंदा येत नाही, आणि स्टेअरिंगवर दुसऱ्याला बसवणं त्यांना मरणापेक्षा वाईट. पाहुण्यांच्या लग्नात गाडी भाड्यानं दिली, तर स्वतः नवरदेवाच्या वरातीमागं पहिल्या गिअरमध्ये गाव फिरले होते. बदली ड्रायव्हर दिला नाही.

त्यांनी आधी गावातल्या मेकॅनिकला गाडी दाखवली. त्यानं विचारलं, "आवाज कव्हा येते? थंडी असते तव्हा का गरम झाल्यावर?"

"गरम झाल्यावर," रंगरावनी सांगितलं.

गरम झाल्यावर म्हणजे ऑइल पातळ पडतं, असं मेकॅनिक म्हणाला, आणि त्यानं जाड ऑइल भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर असा कण्हत फिरला की गोजरबाई म्हणाली, बैल बसला. मग गाडी निघाली. टिकटिक जशीच्या तशी.

मग बुलडाण्यात गोपालचं गॅरेज. गोपाल तिशीतला, कामाला चोख, पण गिऱ्हाईक सांगेल त्यावर चालणारा. त्यानंही तेच विचारलं, रंगरावनी तेच उत्तर दिलं. गोपालनं वरचं झाकण खोलून व्हॉल्व्ह हलवणारे टॅपिट पुन्हा नीट बसवले. गाडी चालू केली, आवाज नाही. गोपाल म्हणाला, "गेला." रंगराव म्हणाले, "गेला." सकाळी धाडला टिकटिक जागेवर. पुन्हा गोपाल, पुन्हा खोलाखोल, पुन्हा "गेला," पुन्हा सकाळी हजर. वर गाडी चढाला दम टाकायला लागली ती वेगळीच.

त्यातच पुढं बसलं की माझं डोकं धरायला लागलं. मागं एका बाईच्या मांडीवरचं लेकरू दोनदा ओकलं. सगळे म्हणाले गाडी लागली. मी म्हटलं, धुराचा वास येतोय. रंगराव म्हणाले, "ताई, तुमाले तं मंत्र्याच्या भाषनातबी धूर दिसते."

मला राहवेना. दिवसभर कोणाच्या कामासाठी खुर्चीसमोर उभी असले तरी डोक्यात टिकटिक. दोन मेकॅनिकचे हात लागूनही आवाज जात नाही, म्हणजे कुठं तरी मुळातच चुकतंय. पुढच्या खेपेला मी तहसीलकडं जायच्याऐवजी रंगरावसोबत गॅरेजला गेले.

गोपाल वैतागलेला होता. "भाऊ, आता तुमीच सांगा, मी काय खोलू? इंजिन उतरवू का?"

"उतरव. पन आवाज काढ," रंगराव म्हणाले. "गरम झाली का सुरू होते पाय."

"खोटं," मी म्हटलं.

दोघंही माझ्याकडं वळले.

"गरम झाल्यावर जातो. सकाळी थंड गाडीत येतो, चढावर जास्त येतो. मी रोज बाजूला बसते. भाऊ, तुम्ही उलटं का सांगताय?"

"बाई, गाडी माही आहे."

"कान माझे आहेत."

गोपालनं कपाळाला हात लावला. "मी आता कोनाचं आयकू? थांबा. गाडी गरमच आहे, चालू करू. आयकू काय ते."

त्यानं चावी फिरवली. जीप धडधडू लागली. आम्ही तिघं उघड्या बॉनेटभोवती वाकलो. मी जीव कानात आणून ऐकलं. इंजिनाची नेहमीची घरघर, पंख्याचा वारा. टिकटिक नव्हती. गोपालनं गाडी रेस केली. तरी नाही.

आणि रंगराव मान तिरपी करून, डोळे मिटून, बोट इंजिनाकडं रोखून ओरडले, "हे पाय! हे येऊन राह्यला का नाही! टिक टिक टिक! आता बोला म्हना ताईले!"

मी गोपालकडं बघितलं. गोपालनं माझ्याकडं. तो खाली मान घालून हात पुसायला लागला. फडकं आधीच काळं होतं.

मला एकदम एक शंका आली, आणि शंका आली की मला थांबता येत नाही. रंगराव अजून बॉनेटमध्ये वाकलेले. मी त्यांच्या पाठीमागं गेले, गाडी चालूच होती, आणि साध्या आवाजात, घरात बोलतो तसं म्हटलं, "भाऊ, तुमची सीट पेटली. जीप जळून राह्यली."

ते हलले नाहीत. मी पुन्हा म्हटलं. पलीकडं पंक्चर काढणारा माणूस दचकून उठला. रंगराव बोटानं गोपालला कसला तरी नळ दाखवत होते.

गोपालनं इंजिन बंद केलं.

"रंगरावभाऊ," मी त्यांच्यासमोर येऊन म्हटलं, "आवाज येतच नव्हता."

त्यांनी आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग गोपालच्या, मग उठून उभ्या राहिलेल्या पंक्चरवाल्याच्या. चेहरे वाचण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता; आता कळतं कारण. ते जीपच्या पायरीवर बसले आणि शर्टाची वरची दोन बटणं लावली.

"गाडी इथं ठेवा," मी म्हटलं. "उद्या सकाळी थंड असताना चालू करायची. गोपाल, तोवर हात लावायचा नाही."

संध्याकाळी आम्ही एसटीनं परत निघालो. रंगराव एसटीत कधी बसलेले मी पाहिले नव्हते. तिकीट काढताना कंडक्टरनं दोनदा विचारलं, "कुठं?" मी मध्येच "धाड" म्हणणार होते, पण रंगरावनीच कंडक्टरच्या ओठांकडं बघून सांगितलं. खिडकीची जागा त्यांनी मला दिली. बरंच अंतर गेल्यावर, माझ्याकडं तोंड करून, हळू बोलायचा प्रयत्न करत ते म्हणाले, तरी पुढचे दोन जण वळून बघायला लागले:

"समूळ नाही गेला. जाड आवाज येते. हॉर्न येते. मानूस समोर बोलला तं समजते. बारीक आवाज गेला."

"कधीपासून?"

"गेला तव्हा काय आवाज देऊन गेला?"

मला हसू आलं, आणि रागही. "मग दुसऱ्यांच्या गाड्या? तो पेचकस कानाला लावायचे ते?"

"कानाले लावतो पन समजते हाताले. मुठीत धडक येते. बेअरिंगची वेगळी येते, पंपाची वेगळी." त्यांनी मूठ उघडून बघितली. "माह्या गाडीत या टायमाले हाताले काईच लागलं नाही. मंग मेकॅनिकले काय सांगू? त्यानं इचारलं, थंड्यात का गरम? मी म्हनलं, गरम. गरमच सांगतात सारे."

म्हणजे एवढ्या खोलाखोलीचं मूळ हे. रोगी आपलं दुखणं अंदाजानं सांगत होता आणि डॉक्टर त्या अंदाजावर औषध देत होते.

"गाडी कशी चालवता?"

"आरशात. अन् मागून पत्र्यावर थाप मारली का सीटले कळते. गिअरच्या दांड्याले इंजिन कळते. आजपावतर कोनाले खरचटलं का माह्या गाडीत? सांगा."

"नाही खरचटलं. पण आरशात न दिसणारं लेकरू मागून ओरडत आलं तर?"

त्यांनी पुढच्या सीटचा दांडा धरला.

"कान तपासून घ्या. तोवर सवारी नाही. मी मोतीरामशी बोलते."

"मोतीरामले सांगान?" ते एवढ्या मोठ्यानं बोलले की कंडक्टर उठला. "ताई, नंबर गेला तं मी संपलो. गाडी दुरुस्त करा, माही काय दुरुस्ती लावली?"

"गाडीत मी बसते," मी म्हटलं. "गोजरबाई बसते. त्या लेकराला विचारून ओकारी आली नाही. मी गप्प बसणार नाही, भाऊ. माझ्यानं होत नाही."

उरलेला रस्ता त्यांनी तोंड दुसरीकडं केलं. बोलणं बंद करायची त्यांची पद्धत सोपी होती. नुसती मान वळवायची.

सकाळी आम्ही पहिल्या एसटीनं गोपालकडं पोचलो. थंडी पडायला लागली होती. जीपच्या काचेवर दव. गोपालनं चावी फिरवली आणि पहिल्या धडधडीसोबत टिकटिक सुरू झाली. एवढी स्पष्ट की गोपाल शिवी देऊन हसला. "च्यायला! हे तं आपल्याकडं येतच नव्हती. गाडी आपल्याकडं येई तोवर तापून येई."

मी आवाजाच्या मागं गेले. वर झाकणापाशी कमी. खाली, इंजिनाच्या बाजूला, जिथून धुराचे नळ निघून सायलेन्सरकडं वळतात, तिथं जास्त. गोपालनं टॉर्च मारला. जोडावर काजळीचा काळा फराटा उठला होता. रंगराव एवढा वेळ लांब उभे होते. फराटा बघून ते पुढं आले आणि काही न विचारता तळहात जोडाच्या जवळ नेला.

तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "फुंकर लागून राह्यली. एक-एक फुंकर. फुक, फुक." त्यांनी माझा हात धरून तिथं नेला. खरंच, उंदरानं श्वास टाकावा तशा गरम फुंकरा तळव्यावर बसत होत्या, आणि प्रत्येक फुंकरीला एक टिक.

"धूर जोडातून फुटून राह्यला," गोपाल म्हणाला. "टॅपिटचा काई संबंधच नाही. थंडी असते तव्हा फट राहते, तापलं का लोखंड फुगून मिटते. भाऊ, गरम इंजिनावर पानी मारलं होतं का कव्हा?"

रंगराव त्याच्या ओठांकडं बघत होते. "दसऱ्याले. फेरी करून आलो, पूजेचा टाइम होऊन राह्यला होता, बॉनेट उघडलं अन् पाइप लावला. सारे ड्रायव्हर धुतात."

"सारे ड्रायव्हर तापलेल्या लोखंडावर गार पानी मारतात, मंग दिवाळीले माह्याकडं येतात," गोपाल म्हणाला. "पूजा थंडी झाल्यावर करा नं बावा. देव काय पळून राह्यला का?"

खोलल्यावर कळलं, लोखंड जरासं वाकडं झालं होतं आणि मधली पत्री, गॅस्केट म्हणतात ती, जळाली होती. एक बोल्ट तर हातानं फिरत होता. त्याच फटीतून धूर पायापाशी येत होता. माझं डोकं धरणं आणि लेकराचं ओकणं म्हणजे गाडी लागणं नव्हतं. गोपालनं ते लोखंड घासून सरळ करून आणलं, नवी पत्री घातली, ऑइलही बदललं. दुपार कलताना गाडी थंड करून पुन्हा चालू केली. मी ऐकलं, गोपालनं ऐकलं, रंगरावनी हात लावून बघितला. काही नाही.

"गेला," गोपाल म्हणाला.

रंगराव या वेळी "गेला" म्हणाले नाहीत.

बातमी आमच्याआधी स्टँडवर पोचली होती. पंक्चरवाल्याच्या मोबाइलनं, दुसरं काय. जीप आत आली तशी मागून कोणी तरी हळूच "रंगरावभाऊ" म्हणायचं, ते वळले नाहीत की बाकीच्यांनी खदखदून हसायचं. दोन-तीनदा झालं. माझं डोकं फिरलं.

"लाजा नाही वाटत?" मी टपरीसमोर उभी राहून बोलले. "निम्मे जण एका हातात मोबाइल धरून गाडी चालवता. तुमचे कान चांगले आहेत ना? कोणाकडं असतात ते कान? आणि काल-परवापर्यंत 'आयका बरं' म्हणत कोण यायचं त्यांच्याकडं?"

मोतीराम पुढं आला. "ताई, भाषन नका देऊ. तुमीच उद्या म्हनसान, बहिऱ्याच्या हाती सवारी कशी देली."

"हो, म्हणणार. आजच म्हणते. कान तपासल्याशिवाय ते सवारी घेणार नाहीत. पण तोवर त्यांचा नंबर त्यांचाच राहील. कानाचं मशीन लावून आले की पहिली गाडी त्यांची."

मोतीरामनं डोकं खाजवलं. माणूस वाईट नाही, फक्त मोठ्यानं विचार करतो. "मशीन लावून आले तं त्याइचा नंबर. माहा शब्द."

रंगराव जीपमध्येच बसून होते. आमचं बोलणं त्यांनी काचेतून बघितलं होतं. मी जवळ गेले तर म्हणाले, "मोर्चा झाला का?" आणि गाडी घराकडं वळवली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं, मंजुळाबाईनं, मला त्यांच्या दारातच धरलं. त्या वांग्याची परडी घेऊन चालल्या होत्या. परडी खाली ठेवून बोलल्या. "समता, तू लोकाइच्या घरासाठी भांडतं म्हनून तुले मान देतो आमी. आमच्या घरावरच मोर्चा आनला? सवारी बंद केली म्हनतात, काऊन ते कोनी सांगत नाही. मानूस दोन दिवस झाले जेवला नाही. गाडीत जाऊन बसते, चालू करते, बंद करते."

"बहिरे आहेत ते, वहिनी. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मंजुळाबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग ओट्यावर बसल्या. "मले वाटे मगरूर आहे," त्या म्हणाल्या. "मी बोललं का उत्तर नाही. पाठ केली का विषय संपला. लेकीच्या लग्नाच्या वक्ताले किती बोलली मी, सारं मनातलं... म्हंजे म्या एवढी वर्षं भिंतीशी भांडली का?"

आणि त्या उठून घरात गेल्या. आत काय झालं ते मला बाहेर, रस्त्यावर, आख्ख्या आळीला ऐकू आलं, कारण त्या आता रंगरावच्या समोर उभं राहून बोलत होत्या.

रंगराव तपासणीला गेले. सरकारी दवाखान्यात कानाला डबे लावून बसवलं, बारीक आवाज सोडले. यांनी फक्त जाड आवाजाला बोट वर केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मळणीयंत्र आणि ट्रॅक्टरनं खाल्ले कान. गेलेलं परत येत नाही, मशीन लावलं तर काम भागेल. मशीन बघून रंगराव भडकले. "कानात शेंगदाना घालून गाडी चालवू?" बाजूला मंजुळाबाई होत्या. त्या एकच वाक्य बोलल्या, "नाही घालत तं आजपासून मी बोलनंच बंद करतो," आणि रंगराव जरा विचारात पडले असावेत, मग हो म्हणाले.

पहिल्या दिवशी मशीन लावून ते स्टँडवर आले तेव्हा मोतीराम जीपच्या मागं जाऊन हळूच म्हणाला, "रंगराव, चहा पेता?"

"साखर कमी," रंगरावनी समोर बघतच उत्तर दिलं.

नंबर मिळाला. दिवाळीचा पहिला बाजार. जीप खच्चून भरली. टिकटिक नव्हती, पण प्रवास धड होईना. फाट्यावर जीप थांबली: मागच्या दाराची कडी वाजत होती. पुढं थांबली: स्टेपनीचा बोल्ट. पुन्हा थांबली: डॅशबोर्डखाली काही तरी किरकिरत होतं. "एवढा आवाज होता या गाडीत?" रंगराव घामाघूम झाले होते. "तुमी लोक बसत कसे होता बे हिच्यात?" बाया ओरडायला लागल्या, बाजार उठून जाईल म्हणून. पोचलो तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं.

असं काही दिवस चाललं. मग दिवाळीनंतरच्या एका सकाळी मी पुढं बसले, गाडी निघाली, आणि माझी नजर त्यांच्या कानाकडं गेली. कान रिकामा. शर्टाच्या खिशाशी उंचवटा.

"भाऊ, मशीन?"

ते समोर बघत होते. मी दंडाला हात लावला. "मशीन कुठं आहे?"

"कान दुखते. चढ झाला का लावतो."

"चढाच्या आधी लावा. गाडी बाजूला घ्या."

"ताई, गाडी भरेल आहे..."

"बाजूला घ्या, नाही तर मी चावी काढते. काढू?"

त्यांना माझा स्वभाव माहीत आहे. जीप बाभळीखाली थांबली. मागं गलका झाला. काय झालं, का थांबले, पंक्चर का? रंगरावनी खिशातून मशीन काढलं, रागानं फुंकर मारली, दोनदा चुकवून तिसऱ्यांदा कानात बसवलं आणि बोट लावून चालू केलं. मागचा गलका चालूच होता. ते मान जराशी तिरपी करून ऐकत बसले, आणि हळूहळू त्यांच्या मिशा हलायला लागल्या. बऱ्याच दिवसांनी मी त्यांना हसताना पाहत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाही." त्यांनी गाडी गिअरमध्ये घातली. "गोजरबाई तुमाले काय काय म्हनून राह्यली, सांगू का?"

"गाडी चालवा," मी म्हटलं.